तेराशे दोनची चिठ्ठी

युलियानाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी बूसानला निघाल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याला किमचीच्या फ्रिजबद्दल अर्धा तास सूचना दिल्या आणि एका तपकिरी पाकिटाबद्दल लिफ्टचे दार बंद होईपर्यंत. दार मिटता मिटता त्या म्हणाल्या, "अहो, तेराशे दोनची स्वतः हातात द्या. पत्रपेटीत टाकून येऊ नका." लिफ्ट खाली गेली आणि मेंग इन-हो बाराव्या मजल्यावर पाकीट छातीशी धरून उभे राहिले. बायको चार आठवड्यांनी परतणार होती, आणि आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक लागणाऱ्या मेणबत्त्यांतली पहिली, परवाच्या रविवारी लागायची होती.

पाकिटात चिठ्ठ्या होत्या. वर्षातून दोनदा, नाताळच्या आधी आणि ईस्टरच्या आधी, ही चिठ्ठी प्रत्येक कॅथलिकाला घरपोच येते. वर नाव, बाप्तिस्म्याचे नाव, इमारत, घर क्रमांक. ती घेऊन चर्चमध्ये जायचे, रांगेत उभे राहायचे, फादरांना जाळीआडून आपली पापे सांगायची आणि बाहेर पडताना चिठ्ठी टोपलीत टाकायची. मग कार्यालयात ती संगणकावर चढते. पापे कोणती सांगितली हे कोणी विचारत नाही, चिठ्ठी आली का एवढेच बघतात. लागोपाठ तीन वर्षे ती आली नाही, तर माणसाचे नाव 'थंडावलेले' अशा यादीत जाते. त्या यादीतल्या माणसाला कोणी टाकून बोलत नाही. उलट सगळे त्याच्याशी, आजाऱ्याशी बोलावे तसे, हळू आवाजात बोलू लागतात.

मेंगसाहेबांना ही पद्धत मनापासून पटलेली होती. एकतीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात काढून ते विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. जिची नोंद नाही ती गोष्ट घडलेलीच नसते, असा त्यांचा विश्वास होता, आणि देवाचाही तसाच असावा असा त्यांचा अंदाज होता. एकशे सातव्या इमारतीतल्या चर्चच्या गटाची प्रमुख त्यांची बायको होती, त्यामुळे चिठ्ठ्या वाटण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे आले. चौदा कॅथलिक घरे, एकतीस चिठ्ठ्या. बायकांच्या गटाला जे काम दहा दिवस पुरते ते आपण दोन संध्याकाळींत उरकू, असे त्यांनी ठरवले आणि त्यासाठी रेघा मारून तक्ता करण्यात तीन संध्याकाळी घालवल्या.

तेवढ्यात आग्नेसताईंचा फोन आला. आग्नेसताई म्हणजे आठ इमारतींच्या गटांच्या मिळून प्रमुख. त्यांचे कपडे धुण्याचे दुकान होते आणि आलेल्या प्रत्येक कोटाबरोबर त्या मालकाची खबरबातही झटकून घेत. त्यांनी सल्ले दिले. जेवणाच्या वेळी जाऊ नका. हसून बोला, पण फार हसू नका. आतून कोणी विचारले तर लगेच गटाचे नाव सांगा. आणि काही झाले तरी चिठ्ठी देताना पाप हा शब्द काढू नका, लोकांना आवडत नाही. हे सारे मेंगसाहेबांनी तक्त्याच्या खाली लिहून घेतले.

पाचव्या मजल्यावरच घोळ झाला. पाचशे तीनमध्ये नवे जोडपे आले होते. दाराच्या फोनमधून बाईने कोण म्हणून विचारले आणि मेंगसाहेबांना गटाचे नाव आठवेना. पाप हा शब्द काढायचा नाही, एवढेच डोक्यात पक्के बसले होते. ते म्हणाले, "मी चर्चमधून आलोय. तुमच्या यजमानांच्या पापांबद्दल." फोन बंद झाला. आतून साखळी लावल्याचा आवाज आला.

सहाव्या मजल्यावर पोचेतो खालच्या पहारेकऱ्याने वर येऊन त्यांना गाठले. एक इसम पाकीट घेऊन दारोदार जगबुडीची भाषा करतोय, अशी तक्रार होती. हल्ली तऱ्हेतऱ्हेचे पंथ घरोघर फिरतात, लोक धास्तावलेले असतात, हे खरेच होते. पण नऊ वर्षे रोज ज्याचा नमस्कार घेतला त्या पहारेकऱ्याने आपल्याला असे न्याहाळावे, हे मेंगसाहेबांना फार लागले. "मेंगसाहेब," तो आवाज खाली आणून म्हणाला, "निवृत्तीनंतर वेळ जात नाही, हे मला कळतं. पण म्हणून पंथात जायचं?" मेंगसाहेबांनी त्याला तक्ता दाखवला. तो त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि त्याची शंका वाढली.

असे करत दुसरी मेणबत्ती लागेपर्यंत तीस चिठ्ठ्या पोचल्या. उरली एक. ब्योन ओक-सुन, सेसिलिया, तेराशे दोन. ती द्यायला फक्त एक जिना चढायचा होता आणि तेच होत नव्हते.

त्याचे कारण असे. अडीच वर्षांपूर्वी रोज पहाटे साडेपाचला मेंगसाहेबांच्या डोक्यावर धप्, धप्, धप् असा आवाज येऊ लागला. वर सेसिलियाकाकू एकट्या राहत. सत्तरी ओलांडलेली बाई, लवकर उठणारी, लसूण कुटत असणार, दुसरे काय. मेंगसाहेबांनी लिफ्टमध्ये निनावी कागद लावला: 'तेराव्या मजल्यावरील सुज्ञ रहिवाशांनी पहाटे आपण माणसांच्या डोक्यावर राहतो याचे भान ठेवावे.' निनावी होता, पण खात्याचा परिपत्रकी मायना सगळ्या इमारतीने ओळखला, आणि तेराव्या मजल्यावरचे सुज्ञ रहिवासी कोण हेही. पुढच्या आठवड्यापासून काकू मिस्साला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, दिसेनाशा झाल्या. गटाची प्रार्थना मेंगसाहेबांच्याच घरी होई, तिथेही त्या येईनात.

इथवर सगळे क्षम्य होते. पण त्याच शरदात काकू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सहा आठवडे रुग्णालयात होत्या आणि वरचे घर कुलूपबंद असताना आवाज मात्र चालूच राहिला. एका पहाटे मेंगसाहेबांनी न्हाणीघराच्या भिंतीला कान लावला आणि त्यांना उमगले. कोणीतरी नळ झटकन बंद करत होते आणि जुन्या पाइपात पाणी आपटत होते. हा आवाज ओळखायला खात्यात नव्याने लागलेल्या माणसाला दोन दिवस लागतात. विभागप्रमुखांना पाच महिने लागले होते. हे कोणाला सांगायचे? लोक आधी हसले असते आणि मग विचारले असते, एकतीस वर्षे शहराला पाणी तुम्हीच पाजत होता ना? मेंगसाहेब गप्प बसले. बायकोलाही सांगितले नाही. त्यानंतर दोन नाताळ आणि दोन ईस्टर झाले. दर वेळी त्यांनी रांगेत उभे राहून सगळी पापे सांगितली आणि हे एक तेवढे मागे ठेवले.

बूसानहून रोज फोन येई. बाळ कसे आहे ते सांगून झाले की प्रश्न ठरलेला, तेराशे दोनची दिली का. काकूंचे हे तिसरे वर्ष होते. ही चिठ्ठी आली नाही तर नाव यादीत जाणार होते. मेंगसाहेब रोज म्हणत, देतोच आहे. हे खोटे नव्हते, कारण ती चिठ्ठी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात स्वतःच्या चिठ्ठीशेजारी सदैव तयार होती. दोनदा ते तेराव्या मजल्यापर्यंत गेलेही. एकदा बेल वाजवायचे राहून गेले आणि एकदा वाजवली, पण दार उघडायच्या आत ते दहाव्या मजल्यावर पोचले होते.

तिसऱ्या आठवड्यात सामुदायिक पापनिवेदनाचा दिवस आला. आसपासच्या चर्चमधून चार फादर आले होते, चारी बाजूंनी रांगा होत्या. मेंगसाहेबांनी पापांची यादी घरूनच लिहून आणली होती. राग. मासेमारीपायी बुडवलेल्या तीन मिस्सा. बातम्या बघताना पुढाऱ्यांना दिलेल्या शिव्या. खाली 'शेजारणीबाबत एक किरकोळ बाब' असे होते, ते त्यांनी रांगेत उभ्या उभ्या खोडले. आत जाऊन बाकीचे वाचून दाखवले, क्षमा मिळाली, बाहेर येऊन चिठ्ठी टोपलीत टाकली आणि घरी जाऊन नूडल्स उकळायला ठेवल्या. मग कोट टांगताना हात आतल्या खिशात गेला. चिठ्ठी एकच होती आणि तिच्यावर नाव होते: मेंग इन-हो, बार्तोलोमेओ.

नूडल्स उतू गेल्या तरी त्यांना कळले नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी ते दारात हजर होते. कार्यालयात लुसिया नावाची तरुण मुलगी असे, फार नेटकी. टोपल्यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या तिने आदल्या दिवशीच संगणकावर चढवल्या होत्या. मेंगसाहेबांनी घसा साफ करून विचारले की समजा, नुसते समजा, एखाद्याच्या नावावर चुकून पापनिवेदन चढले असेल, तर ते रद्द करता येईल का.

लुसियाने पडद्यावर बराच शोध घेतला. "रद्द करायची सोय आहे, भाऊ. पण कारण निवडावं लागतं. इथं दोनच कारणं दिलीत. मृत्यू आणि स्थलांतर."

काकू जिवंत होत्या आणि एक मजला वरच होत्या. दुसरा मार्ग म्हणजे त्या व्यक्तीने स्वतः येऊन, आपण पापनिवेदन केलेले नाही, असे लिहून सही करायची. आणि तिसरा, लुसिया म्हणाली, सगळ्यात सोपा: त्या व्यक्तीने नाताळच्या आधी खरोखरच पापनिवेदन करायचे. मग नोंद आपोआप खरी ठरेल. तारीख थोडी मागेपुढे होईल, पण त्याबाबतीत देव समजून घेईल आणि धर्मप्रांताचे कार्यालय बहुधा बघणार नाही.

क्षणभर मेंगसाहेबांना वाटले, बोलूच नये. काकूंचे नाव यादीतून वाचले, आपली चिठ्ठी आत्ता टोपलीत टाकली की आपलेही काम झाले. सुंठीवाचून खोकला गेला. पण तेवढ्यात कपड्यांचा गठ्ठा घेऊन आग्नेसताई आत आल्या. ताईंनी सकाळीच नोंदी बघितल्या होत्या. त्यांनी मेंगसाहेबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "बार्तोलोमेओभाऊ, तुम्ही स्वतः वर जाऊन चिठ्ठी दिलीत आणि काकू आल्या. अडीच वर्षं आम्हा बायकांना जमलं नाही ते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या बायका भाताचे गोड केक घेऊन काकूंना भेटायला जाणार होत्या. फादरांनाही कळवले होते, रविवारच्या प्रवचनात हरवलेल्या मेंढराचा दाखला यायचा होता.

तो बुधवार होता. मेंगसाहेब घरी आले आणि सोफ्यावर कोटासकट बसले. शुक्रवारी बायका केक घेऊन दारात उभ्या राहणार, काकू म्हणणार, मी तर गेलेच नाही. मग चिठ्ठी कोणी टाकली? पाकीट कोणाकडे होते? याला काही गुप्तहेर लागत नव्हता. पण त्याहून वाईट विचार नंतर आला. बायका परत जातील, हसतील, विसरतील. काकूंना मात्र वाटेल की आता आपल्या नावाने देवाघरीही कोणीतरी निनावी कागद लावला. हा विचार आला आणि मेंगसाहेबांना बसवेना. ते उठले. लिफ्टमध्ये कोणी भेटेल म्हणून जिन्याने गेले. या वेळी बेल वाजवून, कठडा घट्ट धरून, ते तिथेच थांबले.

दार उघडले. काकूंच्या पायांत लोकरी मोज्यांचे दोन जोड होते. मागे खोलीभर सतरंजीवर सतरंजी अंथरलेली होती आणि खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून बसवले होते. आपल्याच घरात ही बाई अडीच वर्षे चोरपावलांनी वावरत होती. घोकून आणलेले वाक्य मेंगसाहेब विसरले. त्यांना अतिशय लाज वाटली, इतकी की बोलण्याआधी त्यांनी कमरेत वाकून डोके खाली घातले आणि ते वर काढेनात.

"काकू, तो आवाज तुमचा नव्हता."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "मी दवाखान्यात होते तेव्हाही येत होता. शेजारणीनं सांगितलं. मी म्हटलं, माणूस पाणीखात्यातला आहे, आज ना उद्या कळेल त्याला."

"मला कळलं होतं. तेव्हाच."

जिन्यात खालून कोणाच्या तरी घरी मासे तळल्याचा वास येत होता.

"तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. "आणि एक जिना चढायला दोन वर्षं लागली. गुडघे माझे गेलेत, मेंगसाहेब, तुमचे नव्हे."

मग मेंगसाहेबांनी चिठ्ठीचेही सांगून टाकले. काकूंनी ते दोनदा समजावून घेतले. "म्हणजे माझ्या नावावर तुम्ही पापं सांगून आलात. कोणती सांगितलीत?"

"मासेमारी," मेंगसाहेब म्हणाले.

काकूंच्या गालाची एक शीर हलली, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्यांना आत बोलावले, बार्लीचा चहा दिला आणि आपण का येत नाही ते सांगितले. कागदामुळे नव्हे. कागदाचा राग महिन्याभरात गेला असता. पण रोज सकाळी उठून त्या आधी मेंगसाहेबांना शिव्या घालत आणि मग जपमाळ हातात घेत. पापनिवेदनात हे सांगायचे, तर पुन्हा करणार नाही असे म्हणावे लागते. "तेवढी माझी तयारी नव्हती," काकू म्हणाल्या. "खोटं बोलून क्षमा घेण्यापेक्षा थंड पडलेली बरी. आगमनकाळ तयारीचा असतो म्हणतात. माझी दोन वर्षं होतच नाही."

शेवटी त्यांनी अट घातली. लिफ्टमध्ये कागद लागला होता, तर लिफ्टमध्येच कागद लागला पाहिजे. नावासकट. "आणि हुद्द्यासकट," त्या म्हणाल्या.

मेंगसाहेबांनी चार खर्डे केले. पहिल्यात 'तांत्रिक गैरसमज' होता, दुसऱ्यात 'संबंधित ध्वनी'. चौथ्यात सरळ लिहिले: 'अडीच वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये निनावी कागद मी लावला. आवाज तेराशे दोनमधल्या काकूंचा नव्हता, पाइपातल्या पाण्याचा होता. हे मला दोन वर्षांपासून माहीत होते. काकूंची क्षमा मागतो. मेंग इन-हो, तेव्हाचे विभागप्रमुख, पाणीपुरवठा.' हा कागद त्यांनी फोनवर युलियानाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बाळ उठलंय," आणि फोन ठेवला. हे दोन शब्द मेंगसाहेबांना शुक्रवारपर्यंत पुरले.

लिफ्टमध्ये कागद लावायला इमारत कार्यालयाचा शिक्का लागतो. तिथल्या कारकुनाने कागद वाचला आणि तो कोणत्या सदरात घ्यायचा असा प्रश्न टाकला. सदरे तीन: घरदुरुस्ती, सामानाची हलवाहलव, हरवलेल्या वस्तू. बराच खल होऊन हरवलेल्या वस्तूंत घ्यायचे ठरले. पण पाइपाचा उल्लेख गाळा, असा त्याचा आग्रह होता, नाहीतर उद्या सत्त्याऐंशी घरे पाइप बदला म्हणून दारात येतील. त्याऐवजी 'अज्ञात कारणाने' लिहा ना, साहेब. आयुष्यभर मेंगसाहेबांनी अशा ठिकाणी 'अज्ञात कारणाने' लिहिले होते. या वेळी ते नाही म्हणाले, आणि शिक्का मिळेपर्यंत तिथल्या खुर्चीतून उठले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला सात बायका केकचे डबे घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. मेंगसाहेब आपल्या दाराला कान लावून उभे होते. तळमजल्यापासून हसण्याबोलण्याचा आवाज वर येत होता. सहाव्या मजल्याच्या आसपास तो थांबला. बाराव्यावरून लिफ्ट अगदी शांतपणे वर गेली. त्या तासाभरात वर काय झाले ते त्यांना कळले नाही. परत जाताना आग्नेसताईंनी त्यांच्या दाराच्या मुठीला एक डबा अडकवला होता. आत एकच केक होता, तोही कोपरा मोडलेला. ही शिक्षा की दया, याचा विचार करत मेंगसाहेबांनी तो उभ्यानेच खाल्ला.

शनिवारी, चौथी मेणबत्ती लागायच्या आदल्या दिवशी, पापनिवेदनाची शेवटची संधी होती. फादर एकच होते आणि रांग बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. मेंगसाहेब स्वतःची चिठ्ठी आणि स्वतःचे उरलेले पाप घेऊन उभे होते. काकू येतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती. दर वेळी चर्चचे दार उघडले की ते मागे बघत आणि दर वेळी कोणीतरी दुसरेच असे. आता जेमतेम चौघे पुढे होते. तेवढ्यात काठी टेकत काकू आल्या. लोकांनी वाट दिली. मेंगसाहेबांनी आपली जागा दिली आणि स्वतः एक पाऊल मागे सरकले. काकूंनी त्यांच्याकडे बघितले नाही. पाळी आली तेव्हा त्या आत गेल्या.

पाच मिनिटे झाली. दहा झाली. रांगेत खोकले सुरू झाले. मागचा एक गृहस्थ म्हणाला, या वयात एवढी काय पापे असणार. मेंगसाहेबांना माहीत होते. पंधराव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा घड्याळ बघितले. काकू अजून कागदावरच असतील की सतरंज्यांपर्यंत आल्या असतील, पुन्हा करणार नाही असे त्यांच्या तोंडून निघेल की न निघताच त्या उठून येतील आणि सरळ घरी जातील, काहीच सांगता येत नव्हते. देवा, तेवढे त्यांना म्हणता येऊ दे, असे मेंगसाहेब मनात म्हणाले, आणि ही मागणी आपल्यासाठी आहे की त्यांच्यासाठी, हे त्यांनाही कळेना. बाविसाव्या मिनिटाला दार उघडले.

काकूंचे डोळे लाल झाले होते. त्यांनी तोंड फिरवून नव्हे, सरळ हातरुमालाने सगळ्यांसमोर नाक पुसले, काठी सावरली आणि मेंगसाहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"निम्मं झालं," त्या म्हणाल्या. "तेवढ्यापुरतं पुन्हा करणार नाही असं मी म्हणाले. उरलेलं ईस्टरला बघू."

अडीच वर्षांत कोणी मेंगसाहेबांना इतके मोठे काही दिले नव्हते, आणि निम्मे म्हणजे किती हे विचारायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी नुसतीच मान खाली घातली.

"जा आता आत," काकू म्हणाल्या. "फादर थांबलेत. तुमची ओळख मी करून दिली आहे."

मेंगसाहेबांनी कोटाची बटणे लावली आणि ते आत गेले.